कुवेतची रक्षित राने : पायवाटेने आणि जलमार्गाने

कुवेतमध्ये बारमाही नदी नाही, डोंगररांग नाही आणि रूढ अर्थाने ज्याला अरण्य म्हणावे असे काहीही नाही. १७,८१८ चौरस किलोमीटरच्या या देशात वर्षाकाठी सरासरी जेमतेम सव्वाशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. २१ जुलै २०१६ रोजी वायव्येकडील मित्रिबा येथे नोंदलेले ५३.९ अंश सेल्सिअस तापमान जागतिक हवामान संघटनेने तपासून मान्य केले असून आशिया खंडातील सर्वोच्च विश्वासार्ह तापमानांत त्याची गणना होते. अशा भूमीत राष्ट्रीय उद्यान असू शकते, ही कल्पनाच येथे वर्षानुवर्षे राहिलेल्या अनेक भारतीयांना नवी वाटते. देशात सुमारे दहा लाख भारतीय राहतात. पण घर, कार्यालय आणि विमानतळ यांच्या त्रिकोणाबाहेरचा कुवेत त्यांतील फार थोड्यांनी पाहिलेला असतो.

तरीही हा दुसरा कुवेत अस्तित्वात आहे. उत्तरेला कड्याखाली पसरलेले राखीव वाळवंट, शहराच्या पश्चिमेला बोरूच्या बेटांनी वेढलेले तळे, ईशान्येला भरतीओहोटीच्या चिखलाने वेढलेले बेट आणि दक्षिणेकडील समुद्रात प्रवाळांवर उभी असलेली चिमुकली द्वीपे, अशी त्याची चार रूपे आहेत. यांतील काही पायी पाहता येतात, काहींकडे केवळ पाण्यावरूनच जाता येते, आणि काहींपासून दूर राहणे हेच त्यांच्यावरील उपकार ठरतात. प्रस्तुत लेखात या क्षेत्रांची ओळख, त्यांचा अलीकडचा इतिहास आणि भेटीची पथ्ये एकत्र दिली आहेत.

जांगल आणि आनूप

‘जंगल’ या शब्दाने मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर दाट झाडी उभी राहते. मूळ संस्कृत शब्दाचा अर्थ मात्र जवळजवळ उलट होता. आयुर्वेदाने भूमीचे तीन प्रकार सांगितले : जांगल, आनूप आणि साधारण. यांतील जांगल म्हणजे कोरडी, मोकळ्या आकाशाची, विरळ व काटेरी झाडोऱ्याची भूमी. आनूप म्हणजे पाणथळ, दलदलीची भूमी. पुढे शब्द राहिला, पण त्यातील कोरडेपणा गळून गेला.

कुवेतच्या निसर्गाचे वर्णन करण्यास हे जुने वर्गीकरण आश्चर्यकारकरीत्या उपयोगी पडते. उत्तरेचा कडा आणि त्यापुढील पठार हा शुद्ध जांगल प्रदेश. कुवेत उपसागराचा काठ, जहराचे तळे आणि बुबियान बेट हा आनूप. पहिला पायी पाहावा, दुसरा शक्यतो दुरून किंवा बोटीतून.

ऋतूंचे गणितही अगदीच परके नाही. ‘सुहैल’ तारा पहाटे दिसू लागला की उन्हाळ्याची धार बोथट होते, असा अरबी लोकांचा शतकांचा अनुभव आहे. कुवेतच्या आकाशात तो सप्टेंबरच्या आरंभी दर्शन देतो. हा सुहैल म्हणजेच आपला अगस्त्य. त्याच्या उदयाबरोबर पावसाळा सरतो आणि गढूळ पाणी निवळते, असे आपली परंपरा सांगते. त्यानंतर ऑक्टोबरच्या मध्यापासून, म्हणजे आपल्याकडील चित्रा-स्वाती नक्षत्रांच्या सुमारास, ‘वस्म’ नावाच्या पावसाचा काळ सुरू होतो. हा पाऊस वेळेवर आणि पुरेसा झाला, तर त्या वर्षी वाळवंट फुलते. तो हुकला, तर नंतरच्या सरी तेवढ्या कामाच्या ठरत नाहीत. ‘फगा’ ही वाळवंटातील महागडी भूछत्रेदेखील याच पावसावर अवलंबून असतात. ती ‘रक्रूक’ या लहानशा झुडपाच्या मुळांशी सहजीवनाने वाढतात आणि हिवाळ्यात बाजारात मोठ्या भावाने विकली जातात.

जाल अझ-झोर : पायी पाहण्याचे रान

कुवेत उपसागराच्या उत्तर काठाला समांतर असा एक कडा धावतो. त्याचे नाव जाल अझ-झोर. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १४५ मीटर भरते. सह्याद्रीच्या कड्यांची सवय असलेल्या डोळ्यांना ती किरकोळ वाटेल. परंतु सपाट कुवेतमध्ये इतकी उंचीदेखील क्षितिज बदलण्यास पुरेशी ठरते. कड्याच्या माथ्यावरून एका बाजूला खडकाळ पठार आणि दुसऱ्या बाजूला खारवट सखल जमीन व त्यापलीकडे उपसागराचे पाणी दिसते.

याच परिसरात १९९० मध्ये कुवेतचे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. सुमारे ३२० चौरस किलोमीटरचे हे कुंपणबंद क्षेत्र २००४ पासून ‘सबाह अल-अहमद निसर्ग राखीव क्षेत्र’ या नावाने ओळखले जाते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या तिपटीएवढा हा विस्तार आहे, एवढे सांगितले की त्याची कल्पना यावी.

येथे पायी चालणाऱ्याला प्रथमदर्शनी काहीच दिसत नाही. वाळवंटातील जीवन गुडघ्याच्या उंचीचे असते आणि ते पाहण्यास मान वर नव्हे, खाली करावी लागते. ‘अरफज’ हे कुवेतचे राष्ट्रीय पुष्प येथे आढळते. हे झेंडूच्या कुळातील, पिवळ्या फुलांचे, काटकुळे झुडूप आहे. उन्हाळ्यात वाळल्यासारखे दिसते आणि पावसानंतर पुन्हा पालवते. त्याच्या जोडीला ‘रिम्थ’ ही खारट जमिनीतही तग धरणारी वनस्पती आणि ‘औसज’ हे काटेरी झुडूप आहे. वाऱ्याने वाहून आणलेली वाळू अशा झुडपांपाशी अडते आणि तिचे छोटे उंचवटे तयार होतात. त्यांना ‘नब्का’ म्हणतात. एकेक नब्का म्हणजे उंदीर, सरडे व कीटकांची स्वतंत्र वस्तीच असते.

प्राण्यांपैकी ‘धब’ हा काटेरी शेपटीचा सांडा दिवसा उन्हात बिळाबाहेर बसलेला दिसू शकतो. जर्बोआ हा लांब मागच्या पायांवर उड्या मारणारा उंदीर निशाचर आहे. त्याची गाठ पडत नाही, फक्त वाळूवरील खुणा दिसतात. वाळूतील कोल्ह्याचेही तसेच. स्थलांतराच्या काळात मात्र आकाश गजबजते. कुवेतमध्ये आजवर चारशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे आणि त्यांतील बहुसंख्य पक्षी येथे केवळ वाटसरू किंवा हिवाळी पाहुणे असतात. त्यांतील हुदहुद मराठी माणसाला नावानेच भेटतो. अरबीतही तो ‘हुदहुद’च आहे.

या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध रहिवासी मात्र एक झाड आहे. ‘तल्हा’ हे आपल्या बाभळीचे नातलग. कुवेतच्या भूमीत नैसर्गिकरीत्या वाढणारा हा वृक्ष जळणासाठीची तोड आणि चराई यांमुळे नामशेष होत गेला आणि अखेरीस या परिसरात त्याचे एकच जुने झाड शिल्लक उरले. त्याच्या बिया गोळा करून रोपे वाढवण्याचे व ती वाळवंटात परत लावण्याचे काम कुवेतच्या वैज्ञानिक संशोधन संस्थेने हाती घेतले. एका झाडापासून वन उभे करण्यातील अडचण उघड आहे : सारी संतती एकाच वंशाची, आणि म्हणून रोगराईपुढे दुबळी. तरीही एकही झाड न उरण्यापेक्षा एक उरणे निराळे, आणि वृक्षरक्षणाचा धडा देण्यास याहून परिणामकारक स्थळ या देशात दुसरे नाही.

कुंपण, युद्ध आणि पुन्हा कुंपण

राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले त्याच वर्षी, २ ऑगस्ट १९९० रोजी, इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. पुढील सात महिन्यांत उद्यानाचे कुंपण नष्ट झाले, जमिनीत खंदक खणले गेले, सुरुंग पेरले गेले आणि वाहनांच्या चाकांखाली वाळवंटाचे वरचे कवच फुटले. हे कवच म्हणजे बारीक खडे व माती यांचा पातळ थर. तो शाबूत असेपर्यंत खालची वाळू जागेवर राहते. एकदा फुटल्यावर तो पुन्हा तयार होण्यास कित्येक वर्षे लागतात.

माघार घेणाऱ्या सैन्याने सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची विहीर ६ नोव्हेंबर १९९१ रोजी विझली. न जळलेले तेल वाळवंटात साचून तळी झाली, काजळी पडून काही भागांत जमीन डांबरासारखी घट्ट झाली. संपूर्ण देशात पेरलेल्या सुरुंगांची संख्या दहा लाखांहून अधिक होती. संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाई आयोगाने कुवेतसह सर्व दावेदारांसाठी मंजूर केलेली एकूण रक्कम ५२.४ अब्ज डॉलर होती आणि तिचा शेवटचा हप्ता इराकने २०२२ मध्ये चुकता केला. यांतील सुमारे ३ अब्ज डॉलर कुवेतच्या पर्यावरणाच्या पुनर्वसनासाठी होते. युद्धाने निसर्गाची केलेली हानी पैशांत मोजून ती भरून देण्याचा हा जगातील पहिला मोठा प्रयोग मानला जातो.

पैसा आला, तरी वाळवंट पैशाने उगवत नाही. ते उगवले मुख्यतः कुंपणाने. कुंपणाच्या आत उंट, मेंढ्या आणि गाड्या येऊ दिल्या नाहीत, तेव्हा काही पावसाळ्यांत अरफज व रिम्थ परतले. कुंपणाच्या अलीकडे हिरवी झाक आणि पलीकडे उघडी वाळू, हा फरक साध्या डोळ्यांनी दिसतो. हिवरेबाजारसारख्या गावांत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी यांनी जे साधले, त्याचेच हे वाळवंटी रूप म्हणता येईल. अरबस्तानातही कुरणे काही काळ राखून ठेवण्याची ‘हिमा’ नावाची पद्धत फार जुनी आहे. देवराईप्रमाणे तिच्यामागे देवाचा धाक नव्हता. टोळीचा करार होता. करार मोडला की कुरण मोडत असे.

शहरात राहणाऱ्यालाही या कुंपणाशी थेट देणेघेणे आहे. उन्हाळ्यात ‘शमाल’ वारे सुटले की धुळीची वादळे येतात, विमाने खोळंबतात आणि रुग्णालयांत दम्याच्या रुग्णांची गर्दी होते. त्यातील बरीच धूळ सीमेपलीकडून येते हे खरे. पण झुडपे उपटलेल्या, गाड्यांनी उकरलेल्या स्थानिक जमिनीची भर त्यात असतेच. हिवाळी तंबूंच्या हंगामात वाळवंटात भरधाव हाकलेली प्रत्येक गाडी पुढच्या उन्हाळ्यातील धुळीला हातभार लावते.

जहरा : सांडपाण्यावर जगणारे तळे

शहराच्या पश्चिमेला सुमारे तीस किलोमीटरवर जहरा गाव आहे. गावाजवळ, उपसागराच्या काठी एक राखीव पाणथळ आहे. तिचा उगम विलक्षण आहे. कुवेतमध्ये गोड्या पाण्याचे नैसर्गिक तळे असण्याचे काहीच कारण नव्हते. प्रक्रिया केलेले सांडपाणी या सखल भागात येऊ लागले आणि त्यावर बोरू उगवला. बोरूमागोमाग कीटक आले, बेडूक आले आणि पक्षी आले. १९८७ मध्ये या जागेला संरक्षण मिळाले.

मराठी पक्षिनिरीक्षकाला येथे घरचे अनेक चेहरे भेटतात. बोरूच्या कडेला पाणकोंबडी, मोकळ्या पाण्यात डोक्यावर पांढरा टिळा लावलेला वारकरी, उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या आणि तारेवर बसलेला खंड्या. हिवाळ्यात उत्तरेकडून गरुड येतात. ठिपकेदार गरुड हा जगभर संख्या घटत चाललेला शिकारी पक्षी हिवाळ्यात येथे नियमित येतो आणि त्याला पाहण्यासाठी दूरदेशीचे अभ्यासक जहराला थांबतात.

या तळ्याचे भवितव्य मात्र नळाच्या तोटीवर अवलंबून आहे. प्रक्रिया केलेले पाणी शेती, उद्याने आणि तेलउद्योग यांनाही हवे आहे. वाळवंटी देशात पाण्याच्या प्रत्येक थेंबाला दावेदार असतात आणि पक्ष्यांचा दावा लेखी नसतो. पाणी कमी झाले तर बोरू वाळतो. पाणी फार आले तर बोरू इतका माजतो की मोकळे पाणीच उरत नाही. म्हणजे हे तळे ‘नैसर्गिक’ ठेवण्यासाठी माणसाला सतत हात घालावा लागतो. मानवनिर्मित अधिवास जपावा का, हा प्रश्न नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरच्या संदर्भात महाराष्ट्राने केव्हाच सोडवला आहे. गोदावरीवरील बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळावर उभी राहिलेली ती पाणथळ २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरली.

बुबियान : जेथे न जाणे हेच जाणे

कुवेतचे सर्वांत मोठे बेट बुबियान, क्षेत्रफळ ८६३ चौरस किलोमीटर. मुख्य भूमीशी ते १९८३ मध्ये बांधलेल्या पुलाने जोडलेले आहे. १९९१ च्या युद्धात पुलाचे नुकसान झाले आणि नंतर त्याची दुरुस्ती झाली. १ मे २०१९ रोजी शेख जाबेर सागरी सेतू वाहतुकीस खुला झाल्यापासून राजधानी व सुबियाचा उत्तर किनारा यांतील अंतर कमालीचे घटले. पूर्वी उपसागराला वळसा घालून जावे लागे. आता समुद्रावरून थेट जाता येते.

बुबियान हे तैग्रिस व युफ्रेटिस या नद्यांच्या गाळाचे अपत्य आहे. बेट इतके सखल की मोठ्या भरतीला त्याचा बराच भाग पाण्याखाली जातो आणि ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. त्याचा उत्तर भाग आणि शेजारचे वरबा बेट मिळून ‘मुबारक अल-कबीर राखीव क्षेत्र’ होते. कुवेत ५ सप्टेंबर २०१५ पासून रामसर कराराचा सदस्य झाला, तेव्हा ५०,९४८ हेक्टरचे हेच क्षेत्र देशाचे पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले.

या बेटाचे जागतिक महत्त्व एका पक्ष्यामुळे आहे. क्रॅब प्लोव्हर हा काळापांढरा, जाड चोचीचा, खेकड्यांवर जगणारा पक्षी. किनाऱ्यावरील इतर चिखलपक्षी उघड्यावर घरटी करतात; हा मात्र वाळूत बोगदा खणून त्याच्या टोकाशी एकच पांढरे अंडे घालतो. उन्हाळ्याच्या भट्टीत बिळातील गारवा अंड्याला सांभाळतो. पिल्लू बिळातच वाढते आणि आईबाप त्याला खेकडे आणून भरवतात. या पक्ष्याची जगातील सर्वांत मोठी ज्ञात प्रजननवसाहत बुबियानवर आहे. हिवाळ्यात या जातीचे पक्षी कच्छच्या आखातासह भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही आढळतात.

येथे भेटीचा प्रश्न वेगळाच होतो. बिळांनी पोखरलेल्या वाळूवर पाय ठेवला की छत कोसळते आणि आतले पिल्लू गाडले जाते. बेट सीमेलगत आहे. खोर अब्दुल्लाच्या पलीकडे इराक आहे. बेटाच्या पूर्व बाजूस मोठे बंदर उभारले जात आहे. म्हणून बुबियानचा गाभा सामान्य पर्यटकासाठी नाही आणि नसावा. त्याच चिखलाचे दर्शन उपसागराच्या दक्षिण काठावरून, सुलैबिखातच्या किनाऱ्यावरून घेता येते. ओहोटीच्या वेळी तेथे रोहित पक्ष्यांचे थवे आणि चिखलावर सरपटणारे, उड्या मारणारे मासे दिसतात. कोकणात ज्यांना ‘निवटी’ म्हणतात तेच हे. यांतील एक जात मुंबईच्या खाड्यांत आणि कुवेतच्या चिखलात सारखीच आढळते.

बोटीने जाण्याजोगी बेटे दक्षिणेकडे आहेत. कुब्बर, कारूह आणि उम्म अल-मरादिम ही तिन्ही प्रवाळबेटे. कुब्बरवर उन्हाळ्यात सुरय पक्ष्यांच्या वसाहती असतात, तर कारूह व उम्म अल-मरादिम येथे सागरी कासवे अंडी घालतात. कारूह हा आक्रमणानंतर मुक्त झालेला कुवेतचा पहिला भूभाग. २४ जानेवारी १९९१ रोजी तो परत मिळाला. बोट थेट प्रवाळावर नांगरणे हा या बेटांना असलेला सर्वांत मोठा आणि सर्वांत सहज टाळण्याजोगा धोका आहे.

तिवर : आयात केलेले वन

कुवेतच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी कांदळवनाचे हिरवे पट्टे दिसतात. ते नैसर्गिक नाहीत. हिवाळ्यातील थंडी, अतिखारे पाणी आणि गोड्या पाण्याचा अभाव यांमुळे येथे कांदळ आपणहून टिकले नाहीत. शेजारच्या आखाती किनाऱ्यांवरून रोपे आणून संशोधकांनी ती लावली आणि त्यांतील काही जगली. निवडलेली जात म्हणजे तिवर. थंडी आणि क्षार सोसण्यात ती कांदळांमध्ये सर्वांत चिवट. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर जी झाडे प्रामुख्याने दिसतात, तीही हीच.

मात्र कांदळवनाशी कुवेतचा संबंध याहून बराच जुना आहे, आणि तो बोटीनेच आला. तेलापूर्वीच्या काळात कुवेती गलबते बसऱ्याच्या खजुरा भरून मुंबई, मलबार आणि पूर्व आफ्रिकेकडे निघत. मलबारहून जहाजबांधणीसाठी साग येई. आफ्रिकेतील लामू व रुफिजीच्या खाड्यांतून कांदळाचे सरळ वासे येत. त्यांना ‘चंदल’ म्हणत. जुन्या कुवेती घरांच्या खोल्यांची रुंदी या वाशांच्या लांबीवरून ठरे. ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी लेखक ॲलन व्हिलियर्स याने १९३८-३९ मध्ये अशाच एका कुवेती गलबतावरून आफ्रिकेपर्यंत प्रवास केला आणि रुफिजीच्या चिखलात वासे तोडणाऱ्या खलाशांचे वर्णन १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहून ठेवले. मुंबईशी असलेला हा व्यापार इतका दाट होता की १९६१ मध्ये दिनार येईपर्यंत कुवेतमध्ये रुपयाच चालत असे.

ज्या देशाने शतकानुशतके परदेशी कांदळवने तोडून घरे शाकारली, तोच देश आता आपल्या किनाऱ्यावर कांदळ लावतो आहे. या लागवडीविषयी अभ्यासकांत दुमत आहे. तिवरांमुळे माशांच्या पिल्लांना आसरा मिळतो, कार्बन साठतो, काठ धरून राहतो. परंतु उघडा चिखल हाही रिकामा नसतो. चिखलपक्षी आणि निवटी यांचे ते शेत आहे. तेथे झाडे दाटली तर त्यांची जागा जाते. हिरवे ते सारे चांगले, हा पर्जन्यप्रदेशातील समज वाळवंटात जसाच्या तसा चालत नाही.

ठाण्याची खाडी : एक तुलना

बोटीतून पाणथळ दाखवण्याची व्यवस्था कशी असावी, याचे मराठी वाचकाला परिचित उदाहरण ठाणे खाडीचे आहे. ६ ऑगस्ट २०१५ रोजी, म्हणजे कुवेतच्या रामसर प्रवेशाच्या सुमारे एक महिना आधी, महाराष्ट्र शासनाने खाडीच्या सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्राला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा दिला. २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत गेली. ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून हिवाळा व उन्हाळ्यात बोटफेऱ्या सुटतात. त्यांचे वेळापत्रक घड्याळावर नव्हे, भरतीवर ठरते : पाणी फार उतरले तर बोट रुतते, फार चढले तर पक्षी चिखल सोडून जातात.

या व्यवस्थेचे मर्म एवढेच, की प्रवेश बंद न करता तो मोजून दिला जातो. ठरलेला मार्ग, ठरलेली संख्या, सोबत जाणकार. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळतोडीला मनाई केली, २०१२ मध्ये वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष आला आणि त्यानंतर लोकांना बोटीत बसवले गेले. कायदा आधी आला, पर्यटन नंतर. कुवेतमध्ये २०१४ चा पर्यावरण संरक्षण कायदा क्रमांक ४२ आहे, शिकारीला व वनस्पती उपटण्याला शिक्षा आहे, कुंपणे आहेत. मोजून दिलेल्या प्रवेशाची घडी मात्र अजून बसते आहे.

भेटीपूर्वीची पथ्ये

काळ : नोव्हेंबर ते मार्च हे भेटीचे महिने. फुलांसाठी फेब्रुवारी व मार्च, गरुडांसाठी डिसेंबर व जानेवारी, स्थलांतरासाठी मार्च-एप्रिल आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर. मे ते सप्टेंबर दिवसा पायी भटकंती जीवघेणी ठरू शकते.

परवानगी : राखीव क्षेत्रांची जबाबदारी पर्यावरण प्राधिकरण आणि शेती व मत्स्यसंपदा प्राधिकरण यांसारख्या सरकारी संस्थांकडे आहे. प्रवेश पूर्वपरवानगीनेच मिळतो आणि त्याचे दिवस व अटी हंगामानुसार बदलतात. म्हणून प्रत्येक हंगामात नव्याने चौकशी करावी. कुंपणातील फट म्हणजे परवानगी नव्हे. परदेशी रहिवाशाच्या बाबतीत गुन्ह्याची किंमत दंडापुरती राहत नाही. निवासपरवाना रद्द होऊन हद्दपारीही होऊ शकते.

सुरुंग : तीन दशकांच्या सफाईनंतरही जोरदार पावसाने वा वाळू सरकल्याने स्फोटके उघडी पडल्याच्या घटना घडतात. रुळलेली वाट सोडू नये. धातूची कोणतीही अनोळखी वस्तू उचलू नये, लाथेने उलटवू नये. आल्या पावली मागे फिरून ११२ या क्रमांकावर कळवावे. मुलांना हे निघण्यापूर्वीच समजावून सांगावे.

पाणी आणि भरती : पायी जाताना माणशी किमान तीन लिटर पाणी न्यावे. उपसागरात उधाणाच्या भरतीओहोटीतील फरक साडेतीन-चार मीटरपर्यंत जातो. सपाट चिखलावर पाणी चालण्याच्या वेगाने परतते. चिखलात उतरू नये. काठावरून दुर्बीण पुरते. समुद्रात जाताना नोंदणीकृत बोट, जीवरक्षक जाकिटे आणि ओळखपत्रे सोबत असावीत आणि उत्तरेकडील सीमावर्ती पाण्यापासून दूर राहावे.

छायाचित्रे : लष्करी ठाणी, तेलक्षेत्रे व सीमाचौक्या यांच्या दिशेने कॅमेरा वळवू नये. ड्रोन परवानगीशिवाय नेऊ नये. घरट्यांची नेमकी ठिकाणे समाजमाध्यमांवर टाकू नयेत. शिकारी व अंडीचोर हेही ती माध्यमे वाचतात.

वाहन : आखलेल्या रस्त्यावरच ठेवावे. वाळवंटाच्या कवचावर उमटलेला चाकाचा एक माग अनेक वर्षे पुसला जात नाही.

उत्तरेकडील ते एकाकी तल्हाचे झाड, नळाच्या पाण्यावर तगलेले जहराचे तळे आणि वाळूच्या बिळात वाढणारे बुबियानचे पिल्लू, या तिघांचेही आयुष्य माणसाने घेतलेल्या छोट्या छोट्या निर्णयांवर टांगलेले आहे. कुवेतमध्ये काही वर्षांसाठी आलेल्या माणसाला या निर्णयांत मत नसते. पण वाळवंटात कोठे पाय ठेवायचा आणि कोठे ठेवायचा नाही, हा निर्णय त्याचाच असतो.